दोन लाल खुणा

मुलांनो,

तुमची मराठी वाचायची सवय मोडली आहे हे मला माहीत आहे, म्हणून अक्षर मोठे काढले आहे. सावकाश वाचा. हे इंग्रजीत लिहिता आले असते, पण ज्या बायकांबद्दल लिहायचे आहे त्यांच्यापैकी कोणालाही इंग्रजी येत नव्हते. ते मला एकटीला येत होते, आणि त्याचा उपयोग मी काय केला तेच मला सांगायचे आहे.

आत्ताच का, तर गेल्या रविवारी तुमच्या आईचा फोन आला. नातीने मूल होऊ द्यायचे नाही असे ठरवले आहे, जावयालाही ते पसंत आहे, आणि आता वय उलटून जाण्याआधी मी तिला चार शब्द सांगावेत, असे तिचे म्हणणे. "आई, ती तुझे ऐकेल." फोन ठेवल्यावर मला फार राग आला. राग तुमच्या आईचा नव्हता. हेच काम मला एकदा पूर्वी सांगितले गेले होते. दुसऱ्या बाईच्या शरीराबद्दल मी बोलावे, कारण माझ्या बोलण्याला घरात वजन होते. तेव्हा मी बोलले होते.

माझे लग्न झाले तेव्हा आपला जिल्हा रत्नागिरीच होता. माझे माहेर कोल्हापूरचे. मॅट्रिक होऊन दोन वर्षे कॉलेज केलेली सून घरात येते म्हणजे काय येते, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. तुमचे आजोबा देवगडला कचेरीत कारकून, मी गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. घर खाडीच्या अलीकडे, देवगडला जायचे तर होडीतून पलीकडे जावे लागे. घरात सासूबाई, आम्ही दोघे, आणि थोरली जाऊ. तिला मी वैनी म्हणत असे. ती माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठी, पण मी आले तेव्हा तिची तीन बाळंतपणे झाली होती. थोरले दीर, ज्यांना मी भाऊजी म्हणत असे, ते मुंबईला गोदीत नोकरीला. वर्षातून दोनदा घरी येत, मे महिन्यात आणि चतुर्थीला.

फक्त भाऊजी नव्हे, अर्ध्या गावाचे पुरुष असेच येत. शाळेच्या रजिस्टरात मुलांच्या जन्मतारखा मी लिहीत असे. मास्तरांनी अंदाजाने टाकलेली जूनची एक तारीख सोडली, तरी बरीचशी मुले माघातली नाही तर ज्येष्ठातली असत. मे महिन्याची रजा माघात जन्माला येई, चतुर्थीची रजा ज्येष्ठात. मला पहिल्या वर्षी हे गमतीचे वाटले होते. मी ते तुमच्या आजोबांना हसत हसत सांगितलेही. त्यात हसण्यासारखे काय होते ते आता मला कळत नाही. त्या पंधरा दिवसांत ज्या बायकांना काही विचारले गेले नाही, त्यांचे ते रजिस्टर होते.

वैनीची पाच बाळंतपणे झाली. त्यांतल्या तीन मुली जगल्या. पाचव्या वेळी ती इतकी खंगली की सासूबाईंनीच मला तिला देवगडच्या डॉक्टरांकडे न्यायला सांगितले. त्यांनी तिला तपासले आणि मला बाहेर बोलावून इंग्रजीत सांगितले. यापुढे मूल होता कामा नये, गर्भाशय सैल पडले आहे, रक्त नाही, पुढच्या खेपेला ती वाचेल याची खात्री देत नाही. वैनी चार हातांवर बाकावर बसली होती. तिच्याबद्दलची सर्वांत मोठी गोष्ट तिच्या डोक्यावरून, तिला न कळणाऱ्या भाषेत माझ्याकडे आली, आणि त्या वेळी मला त्याचे काही वाटले नाही. उलट डॉक्टर माझ्याशी बरोबरीने बोलले याचा थोडा अभिमानच वाटला.

परतताना होडीत तिने विचारले, "काय म्हणालो गो तो?"

"आता मूल नको म्हणाले. झाले तर जिवावर बेतेल."

"तां माका ठावक होता," ती म्हणाली. "तेका सांगतलो कोण?"

त्याला म्हणजे भाऊजींना. मी म्हटले, मी पत्र लिहिते.

मी लिहिले. पोस्टकार्डावर नाही, बंद पाकिटात, डॉक्टरांचे म्हणणे मुद्देसूद मांडून. त्याचे उत्तर उघड्या कार्डावर आले, म्हणजे पोस्टमनने आधी वाचले असणार. सासूबाईंना वाचता येत नसे, घरातली सगळी पत्रे मीच मोठ्याने वाचून दाखवत असे. तेही वाचले. भाऊजींनी लिहिले होते, "डॉक्टर लोक काय ते सांगतातच. आईच्या मनास येईल तसे व्हावे. मला दोन्ही मान्य आहे." वैनी चुलीपाशी होती. तिने फुंकणी खाली ठेवली नाही की वर पाहिले नाही.

नातवा, भाऊजींचे हे वाक्य तुझ्यासाठी मी मुद्दाम जसेच्या तसे दिले आहे. मागच्या डिसेंबरात तू मला फोनवर म्हणालास की मुलांचे तुझ्या बायकोने ठरवावे, तुला दोन्ही चालेल. तुला ते उदारपणाचे वाटले असेल. ज्याच्या शरीराला काहीच होणार नाही त्याने "मला दोन्ही चालेल" म्हणणे म्हणजे सभेतून उठून जाणे आहे. तुझे काय म्हणणे आहे ते तिला सांग, तिचे काय म्हणणे आहे ते पुरते ऐक, आणि मग तिचे मान. मधली पायरी गाळू नकोस. आपल्या घरात ती एका माणसाने गाळली होती आणि तो माणूस वाईट नव्हता.

आता कॅलेंडरबद्दल सांगायला हवे. तेव्हा मासिक पाळी आली की बाई चार दिवस बाहेरची. स्वयंपाकाला, देवाला, पाण्याला हात लावायचा नाही, मागच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या झोपडीवजा खोलीत बसायचे आणि झोपायचे. दोघी जावांपैकी एक बाहेरची असली की स्वयंपाक दुसरीवर. मला सकाळी शाळेला जायचे असे, म्हणून मला आधी माहीत असणे जरूर होते. भाऊजी मुंबईहून दरवर्षी एका रंगाच्या दुकानाचे कॅलेंडर पाठवत. त्यावर मी वह्या तपासायच्या लाल-निळ्या पेन्सिलीने खुणा करू लागले. निळी खूण माझी, लाल वैनीची. सासूबाईंना ही व्यवस्था फार आवडली. शेजारणींना त्या ते कॅलेंडर दाखवत.

पत्राच्या पुढच्या मे महिन्यात भाऊजी बारा दिवसांसाठी आले. ज्या दिवशी त्यांची बस यायची, त्याच दिवशी सकाळी वैनी म्हणाली, "मी बाहेरची." आणि चटई घेऊन मांगरात गेली. मी पेन्सिल घेतली. आदल्या खुणेपासून जेमतेम वीस दिवस झाले होते. मी तरी लाल खूण केली. पाचव्या दिवशी न्हाऊन ती घरात आली आणि सहाव्या दिवशी तिन्ही मुलींना घेऊन माहेरी एका लग्नाला निघाली. परतली तेव्हा भाऊजींची सुट्टी संपायला एक दिवस उरला होता, आणि त्या दिवशी तिचा उपास होता.

मला कळले होते. ती चटई घेऊन बाहेर पडताना मी खूण करत होते, तेव्हा ती माझ्याकडे बघून तोंड वाकडे करून म्हणाली होती, "लिव, लिव. तुझ्या पेन्सिलीक रजा नाय." मी हसले आणि गप्प राहिले. गप्प राहिले म्हणजे तिला मदत केली, अशी मी स्वतःची समजूत घातली. खूण न करता सोडून देणे मला सुचले नाही. झालेली गोष्ट नोंदवायची, ही माझी शिस्त. ती शिस्त मी चांगलेपणा समजत होते.

मग चतुर्थी आली. भाऊजी दोन दिवस आधी यायचे होते. ज्या दुपारी ते आले, त्या सकाळी वैनी पुन्हा बाहेरची झाली. घरात गणपती यायचा, मोदक वळायचे, पाहुणे, आणि थोरली सून मांगरात. दुसऱ्या दिवशी सासूबाई गणपतीच्या वर बांधायच्या माटवीसाठी कवंडळांची लाल फळे दोऱ्यात ओवत बसल्या होत्या. मी शेजारी नारळ खवत होते. त्यांनी मान वर न करता विचारले,

"गो, तुझा कॅलेंडर काय सांगता?"

"कशाबद्दल?"

"तुका म्हायत आसा कशाबद्दल."

मी उठले, हात पुसले, भिंतीपाशी गेले. एवढे सात-आठ पावलांचे अंतर. त्या अंतरात मला काहीही सुचू शकले असते. घरातल्या बायकांत कॅलेंडर मला एकटीलाच वाचता येत होते. "बरोबर आहे, वेळेवर आहे," एवढे म्हटले असते तर कोण तपासणार होते? पण मी आयुष्यात खोटे बोलत नसे. शाळेत मुलींना सांगत असे की खरे बोलणाऱ्याला आठवण ठेवावी लागत नाही. मी आकडे मोजले आणि म्हणाले, "कालच्या खुणेच्या आधीची लाल खूण फक्त बारा दिवस आधीची आहे."

त्या क्षणी माझ्या मनात वैनी नव्हती. मी खरे बोलणारी बाई आहे, हे होते. साठ वर्षे झाली, मला स्वतःचा जेवढा राग त्या वाक्याबद्दल आहे तेवढा दुसऱ्या कशाचाही नाही.

सासूबाईंनी दोरा बाजूला ठेवला आणि मांगराकडे चालू लागल्या. मी मागोमाग गेले, का गेले कोण जाणे. वैनी दारात बसून केरसुणीसाठी माडाच्या पात्यांचे हीर काढत होती.

"कॅलेंडर आयकलंय मी," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "उठ, आंघूळ कर आणि घरात ये. मोदकांचा पीठ कोण मळतलो?"

वैनीने सासूबाईंकडे पाहिले नाही. हातातला सुरा खाली ठेवला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "इंग्रजी शिकलंस ती ह्याच्यासाठी?"

हे तिचे माझ्याशी बोललेले शेवटचे वाक्य. त्यानंतर ती एकवीस वर्षे जगली, त्यातली सगळी वर्षे आम्ही एकाच चुलीवर रांधले.

गणपतीचे पाचव्या दिवशी विसर्जन झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी ग्रामदेवतेला कौल लावायचे ठरवले. तुम्ही लहानपणी मे महिन्यात आलात तेव्हा ते देऊळ पाहिले आहे, पण कौल पाहिलेला नाही. देवाच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतात. गुरव सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने गाऱ्हाणे घालतो. मग वाट बघायची. उजवी कळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. गावात घर बांधायचे, होडी पाण्यात लोटायची, मुलीचे स्थळ, सगळ्याला कौल असे. मला त्याचा तिटकारा नव्हता. लोकांना ठरवण्याची भीती वाटते, देवाने ठरवले की वाटत नाही, एवढे मी समजू शकत होते.

त्या सकाळी देवळात आम्ही घरचे सगळे होतो, शेजारपाजारचे पाच-सहा जण होते, आणि वैनी मागे खांबापाशी उभी होती. चेडू म्हणजे मुलगी आणि झील म्हणजे मुलगा, एवढे लक्षात ठेवा. गुरवाने हात जोडून सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, ह्या घरातल्या सुनेची वटी चेडवांनी भरलंस, आता झिलाची आस धरून ती तुझ्या दारात उभी रवली हा, तिच्या मनातली इच्छा पुरी कर."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

तिच्या मनातली इच्छा. ती खांबाला टेकून उभी होती आणि तिच्या मनातली इच्छा काय आहे हे दहा माणसे देवाला सांगत होती. तिच्या ओटीबद्दल, पोटाबद्दल, उघड्यावर, सकाळी नऊ वाजता. आणि मुलांनो, त्या "व्हय म्हाराजा"त माझाही आवाज होता. सवयीने तोंडातून गेला.

थोड्या वेळाने डावी कळी पडली.

मला वाटले, सुटली. सासूबाई म्हणाल्या, "परत लाव रे. कळ्यांका पाणी कमी पडला."

गुरवाने परत लावल्या. या वेळी फार वेळ काहीच होईना. शेजारचे एक म्हातारे खाली बसले. कोणीतरी कुजबुजले की देव अजून विसर्जनाला गेलेला आहे, यायला वेळ लागेल. दोघे-तिघे हसले. मग पुन्हा डावी पडली.

"आता शेवटचो," सासूबाई म्हणाल्या. गुरवाला घरी जायचे होते, तो भुकेला होता. त्याने उजवी कळी जेमतेम चिकटेल अशी लावली, ते मी पाहिले. वाढत्या उन्हाबरोबर ती सुटली आणि पडली. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. भाऊजींनी गुरवाच्या हातावर काही ठेवले.

देवाबद्दल माझी तक्रार नाही. त्याने दोनदा नाही म्हटले होते. मला राग येतो तो त्या दहा जणांचा, ज्यांनी तीनदा देवाला विचारले आणि मागे वळून खांबाकडे एकदाही पाहिले नाही. त्यांच्यात मी होते.

ज्येष्ठात मुलगा झाला. सुईण दोन दिवस झटत होती, शेवटी तुमचे आजोबा होडीतून जाऊन डॉक्टरांना घेऊन आले. वैनी वाचली. आता इथे तुम्ही सुटकेचा श्वास सोडाल, गावानेही सोडला. सासूबाई घरोघर साखर वाटत फिरल्या. "डॉक्टर काय सांगी होतो आणि देवान काय केल्यान, बघलंस?" त्या ज्याला त्याला म्हणत. ती मेली असती तर निदान कोणीतरी गप्प बसले असते. ती वाचली म्हणून सगळेच बरोबर ठरले. भाऊजी, गुरव, कौल, सगळे.

तिचे काय झाले ते कोणी मोजले नाही, तेव्हा ते मी सांगते. त्या बाळंतपणापासून तिचे अंग बाहेर येई. तुम्हाला हा शब्दप्रयोग ठाऊक नसेल. गर्भाशय जागा सोडून खाली उतरते. विहिरीचे पाणी तिला काढता येईना. जड उचलले, खोकला आला, जास्त वेळ उभी राहिली की ती मागच्या दारी जाई आणि कपड्याचा बोळा सारखा करून येई. भात लावणीच्या दिवसांत ती बांधावर बसून राही आणि बायका तिला म्हणत, "झिलाची आवस मोठी झाली गो, चिखलात उतरणा नाय." ती हसून घेई. तेव्हा ती तीस वर्षांची होती.

माझ्याशी ती बोलत नसे, पण अबोला धरून घर बंद पाडले असे नाही. मुलींमार्फत बोले. मी दोन हातांवर उभी असले तरी थोरल्या मुलीला सांगे, "काकीक सांग, भात झालो." मुलगी माझ्याकडे वळून म्हणे, "काकी, भात झालो." मला वाटते त्या मुलींना बरीच वर्षे सगळ्या घरांत असेच बोलतात असे वाटत होते. एकदा, दोन-तीन वर्षांनी, घरात दुसरे कोणी नसताना मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि म्हणाले, "वैनी, माझे चुकले. मी त्या दिवशी खोटे बोलायला हवे होते." ती बांगडे साफ करत होती. तिने ऐकून घेतले. मग अंगणात खेळणाऱ्या धाकटीला हाक मारून म्हणाली, "गो, काकीक सांग, वाटेतसून उठ, मासळीचा पाणी उडता."

आता माझे सांगते, कारण तुमच्या आईलाही हे ठाऊक नाही. तुमची आई त्या चतुर्थीला दोन वर्षांची होती. वैनीचे ते दोन दिवस पाहिल्यावर मी तुमच्या आजोबांना सांगितले की मला दुसरे मूल नको. भीती वाटली हे एक, पण ते सगळे नाही. मला शिकवायला आवडे. मला एक मूल पुरेसे वाटे. मला नको होते, एवढे कारण पुरेसे असायला हवे, असे मी त्यांना म्हणाले. ते दोन दिवस विचार करत राहिले. त्यांना मुलगा हवा होता, ते त्यांनी मला स्पष्ट सांगितले. आम्ही भांडलो. मग त्यांनी मानले. पुढे सरकारी दवाखान्यांतून पुरुषांची शस्त्रक्रिया होऊ लागली तेव्हा ते आठ दिवसांची रजा काढून मुंबईला गेले आणि परत येऊन आईला हर्नियाचे ऑपरेशन झाले म्हणून सांगितले.

वर्षे गेली तशा सासूबाई मला म्हणू लागल्या, "तुझ्यासाठी पण कौल लावया." मी म्हणे, "नको, आई. देव देईल तेव्हा देईल." दरवर्षी, न अडखळता. जी बाई आपल्या जावेसाठी एक वाक्य खोटे बोलू शकली नाही, ती स्वतःसाठी पंधरा वर्षे खोटे बोलली, आणि त्या खोट्याचा तिला जराही त्रास झाला नाही. माझ्या खरेपणाची किंमत मला तेव्हा कळली.

वैनीला खरे काय ते समजले होते. तुमचे आजोबा मुंबईहून आल्यावर आठच दिवसांनी नारळांचा हारा उचलून पडवीत ठेवायला निघाले. वैनी चुलीपासून मुलीला, आजोबांपुरते ऐकू जाईल अशा बेताने, म्हणाली, "काकाक सांग, हर्नियो कापलेलो माणूस इतक्या बेगीन हारो उचलीत नाय. आवस बघता." आवस म्हणजे सासूबाई. आजोबांनी हारा तिथेच ठेवला आणि कमरेला हात लावून बसले.

आणि मग एक दुपार आली. मी शाळेतून लवकर परतले होते, मागच्या दाराने आत येत होते. आत सासूबाई वैनीला विचारत होत्या. धाकट्या सुनेला एवढी वर्षे दिवस कसे जात नाहीत, तिच्यात काही दोष आहे की ती काही करते, तू एका घरात राहतेस, तुला ठाऊक असेल. मी दाराबाहेर थांबले. वैनीपाशी आता माझे कॅलेंडर होते. तिने फक्त वाचून दाखवायचे होते.

"तिचा सगळा बरोबर आसा," वैनी म्हणाली. "दर म्हयन्याक माका दिसता. देव देणा नाय, तेका ती काय करतली?"

"खरा सांगतंस?"

"ह्या झिलाची शपथ."

ज्या मुलासाठी तिचे शरीर मोडले, त्याची शपथ तिने माझ्यासाठी खोटी घेतली. मी आत गेले. तिने माझ्याकडे पाहिले, आणि मुलीला म्हणाली, "काकीक सांग, च्याय निवता." ती अजूनही माझ्याशी बोलत नव्हती. क्षमा करणे आणि वाचवणे या तिच्या लेखी दोन निराळ्या गोष्टी होत्या. मला त्या काळात त्याचा राग आला होता. आता वाटते, तिचा हिशेब माझ्यापेक्षा स्वच्छ होता.

साठचे दशक संपत आले तेव्हा शाळेच्या भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवला गेला आणि एक बाई गावात बायकांना समजावायला आल्या. वैनीला त्यांनी किती मुले विचारले, मग झालेली आणि गेलेली किती ते विचारले, आणि मान हलवत म्हणाल्या, "इतकी कशाला होऊ दिलीत? देशाचा विचार नको का करायला?" वैनी पदर तोंडाशी नेऊन हसायला लागली. थांबेचना. "आता इचारतास, बाय?" ती म्हणाली. देवळातल्या गुरवाला झील हवा होता, या बाईला देशासाठी कमी मुले हवी होती. दोघेही तिच्याशी असे बोलले जणू हे सगळे तिनेच ठरवले होते.

म्हणून नाती, तू मला पाठवलेल्या पत्रातली कारणे मी तपासणार नाही. जगात माणसे फार झाली, पुढचा काळ कठीण आहे, हे तुझे म्हणणे बरोबर असेल किंवा नसेल. काही मला पटली, एक-दोन वरवरची वाटली. मूल न होऊ देणारी बाई थोर असे मी म्हणत नाही, मूल हवे असणारी अडाणी असेही नाही. वैनी आपल्या चारही मुलांवर जीव टाकत असे. पण उद्या तुला कारणे सापडली नाहीत तरी चालेल. आणि उद्या तुझे मन बदलले तरी कोणापुढे मान खाली घालू नकोस. तुमच्या आईला मी काल फोन करून सांगितले की मी तुला काही सांगणार नाही. ती रडली. तिला नातवंड हवे आहे, ते दुःख खरे आहे, त्याला मी हसत नाही. पण तिच्या दुःखासाठी मी पुन्हा भिंतीपाशी उठून जाणार नाही.

लोक म्हणतील, तो मुलगा झाला नसता तर? तुम्ही त्या मुलाला ओळखता. दर मे महिन्यात तुमच्या आईच्या पत्त्यावर हापूसच्या पेट्या पाठवतो तो तुमचा मामा. तो चांगला माणूस आहे, आणि त्याच्या चांगुलपणाचा पुरावा करून आयुष्यभर लोकांनी तो त्याच्या आईच्या तोंडावर मारला, याचा मला संताप आहे. हे सगळे लिहून झाल्यावर मी पाने आधी त्याला दिली. न विचारता पाठवणे बरोबर झाले नसते. त्याने दोन दिवस ठेवून घेतली. परत आणली तेव्हा म्हणाला, "आयेन माका कधी कमी केल्यान नाय." जाताना म्हणाला, "धाड."

मांगर पडला, तिथे आता कलमे आहेत. देवळात अजून कौल लावतात. त्या वर्षीचे कॅलेंडर माझ्या ट्रंकेत तळाशी आहे, रंगाच्या दुकानाचे नाव पुसट झाले आहे. श्रावण-भाद्रपदाच्या पानावर बारा दिवसांच्या अंतराने दोन लाल खुणा आहेत, आणि त्या अजून स्पष्ट दिसतात.